पाळकाचा दाखला

जून लागला की माझ्या ओट्यावर गर्दी वाढते. प्रार्थनेसाठी कुणी आलेलं नसतं. कॉलेजांच्या प्रवेशाचे दिवस असतात, आणि ख्रिस्ती संस्थांच्या नर्सिंग स्कूलला, कॉलेजला पाळकाचं पत्र लागतं. मजकूर माझ्या आधीच्या पाळकांपासून चालत आलेला आहे: अमुक तमुक हिचा बाप्तिस्मा अमुक तारखेस झाला, ती आमच्या मंडळीची सभासद असून नियमित उपासनेस येते, आणि ती विश्वासू ख्रिस्ती आहे. खाली सही, शिक्का. बाप्तिस्म्याची तारीख वहीत सापडते. हजेरी मी डोळ्यांनी पाहिलेली असते. विश्वासाच्या ओळीसाठी मात्र माझ्याकडे वही नाही, आणि लोकांना नेमकी तीच ओळ हवी असते.

माझी बहुतेक नोकरी नगर जिल्ह्यात झाली. कागदावर आता अहिल्यानगर. पाळकपणाला नोकरी म्हटलेलं काहींना आवडत नाही. पण बदली होते, पगार थकतो, पावसाळ्यात क्वार्टर गळतं. मग नोकरीच की. नेवासे, राहुरी, शेवगाव या भागात ख्रिस्ती वस्ती जुनी. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं ते १८३१ साली, आणि खेड्यापाड्यांत बाप्तिस्मे वाढले ते पुढे, १८७६-७८च्या आणि नंतरच्या दुष्काळांच्या काळात. त्यामुळे आमच्या लोकांना एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे: पोटासाठी बाटले. शाळेत असताना मीही ऐकला. बाहेरचे विचारतात ते विचारतात, शहरातले काही ख्रिस्तीही हळूच विचारतात, ‘या खेड्यातल्या लोकांचा विश्वास खरा आहे का हो?’

माझं उत्तर ठरलेलं आहे. माणूस दारातून आत का आला, ते मी विचारत नाही. उपाशी माणूस भाकरीच्या वासाने आला असेल. आत आल्यावर त्याचं काय झालं, त्याच्या घराचं काय झालं, ते बघावं. पण ते बघणंही वाटतं तितकं सरळ नाही. पंडिता रमाबाईंचंच घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितलं की तेव्हा त्यांच्या हाती फक्त ख्रिस्ती धर्म लागला होता. खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं जावी लागली. याच आठ वर्षांत, १८८९ साली, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं! म्हणजे ज्या कामासाठी कुठल्याही पाळकाने डोळे मिटून दाखला दिला असता, ते काम हातून होत असतानाही त्या स्वतःला तो दाखला द्यायला तयार नव्हत्या. सेमिनरीत असताना या गोष्टीने मला बरंच छळलं. फळावरून झाड ओळखा असं येशूने सांगितलं, आणि इथे फळ समोर लटकलेलं असताना झाडच नाही म्हणतंय.

लक्ष्मीबाई टिळकांचं उलट. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधल्या काळात सोवळंओवळं, वेगळी चूल, रडारड, सगळं झालं. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येतं की बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी त्यांच्या हातून जात सुटली होती. बाप्तिस्म्याआधीच्या त्या दिवसांतल्या लक्ष्मीबाईंचं नाव कुठल्याच मंडळीच्या वहीत सापडलं नसतं. तरी माझ्या मते खरी गोष्ट तेव्हाच घडून गेली होती, वहीत नोंद उशिरा पडली.

तर वही बाजूला ठेवली. मग उरलं काय? आमच्यापुरतं तरी योहानाचं पहिलं पत्र उरतं. पाच अध्यायांचं छोटं पत्र. वयस्क माणसाच्या बोलण्यासारखं तेच तेच फिरून सांगणारं. मंडळीतले काही जण फुटून गेले होते, आपल्याला देवाचं खास ज्ञान झालं आहे असं सांगत होते. मागे राहिलेले गोंधळले होते, की खरे आपण की ते? योहान त्यांना कसोट्या देतो, आणि त्यातली एकही दृष्टान्ताची किंवा चमत्काराची नाही. देह धारण करून आलेल्या येशूला मानता का? त्याच्या आज्ञा पाळता का? आणि भावावर प्रीती करता का? तेवढंच. शिवाय दुसऱ्या अध्यायात तो मुलं, तरुण आणि बाप अशा तिघांशी वेगवेगळं बोलतो. विश्वासालाही वय असतं हे त्याने गृहीतच धरलं आहे.

आज्ञापालनावर प्रवचन करणं सोपं आहे. ते कसं दिसतं, हे मला एका काट्यावर कळलं. आमच्या मंडळीतला एक माणूस कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे वजनाच्या काट्यावर होता. माणूस अबोल. प्रार्थनासभेत साक्षीची वेळ आली की तो चपला बघायला बाहेर जायचा. त्याच्याविषयी मला पहिल्यांदा सांगितलं ते ख्रिस्ती नसलेल्या एका शेतकऱ्याने, एस.टी.च्या स्टँडवर. म्हणाला, ‘पाळकसाहेब, तुमच्यातला तो काट्यावरचा गडी आहे ना, त्याच्याकडं वजन बरोबर निघतं. आम्ही त्याची पाळी बघून गाडी लावतो.’ मी चौकशी केली. क्विंटलमागे थोडं मारायचं, हा तिथला शिरस्ता होता. तोही ते वर्षानुवर्षं करत होता. कुठल्याशा रविवारी, लोकांचं लुबाडलेलं चौपट परत करणाऱ्या जक्कयाची बायबलमधली गोष्ट ऐकली आणि थांबला. प्रवचन माझं नव्हतं, पाहुण्या पाळकांचं होतं, हे नमूद करतो.

पुढचं जास्त अवघड. तो माझ्याकडे आला आणि विचारलं, ‘साहेब, जक्कयाला ठाऊक होतं कुणाकुणाचं घेतलंय ते. मला कसं कळणार? हजार गाड्या गेल्या असतील.’ चौपट परत देण्याची गोष्ट मी रविवारच्या शाळेतल्या पोरांना दरवर्षी सांगतो. हा प्रश्न कधी माझ्या डोक्यात आला नव्हता. त्याने मग त्याच्या परीने उत्तर काढलं. स्वतःच्या गावातले, शेजारच्या वस्तीवरचे, ज्यांचे चेहरे आठवत होते अशा शेतकऱ्यांकडे तो गेला, हातात काही रक्कम ठेवली, कशाची ते सांगितलं. एकाने चहा पाजला. एकाने आईवरून शिव्या घातल्या आणि पैसे ठेवून घेतले. एक जण घाबरला, त्याला वाटलं यात काहीतरी कोर्टाची भानगड आहे. व्यापाऱ्याला बातमी लागली आणि ह्याचं काम गेलं. पुढे बरीच वर्षं तो रोजंदारीवर होता. सभेत त्याने हे कधीही सांगितलं नाही आणि मला सांगू दिलं नाही. आज तो हयात नाही, म्हणून लिहितो आहे.

आज्ञापालनाची किंमत खिशातून जाते तेव्हा मला तिच्यावर लवकर विश्वास बसतो. दारू सोडली, तंबाखू सोडली या साक्षी मी आनंदाने ऐकतो. त्या खऱ्याही असतात. पण त्या सोडण्याचा पहिला फायदा सोडणाऱ्यालाच होतो. काट्यावरच्या माणसाला काय फायदा झाला?

त्याच काळात दुसरे एक गृहस्थ होते. त्यांना सोयीसाठी दादा म्हणू. प्रार्थनेला उभे राहिले की पत्र्याचं छप्पर थरथरायचं. चर्चला त्यांनी पंखे दिले, प्रत्येक पंख्याच्या पात्यावर वडिलांचं नाव रंगवून. पंखा फिरला की नाव दिसत नाही, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं, मग भिंतीवर पाटी लागली. सख्ख्या भावाशी त्यांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाकडं होतं. बोलणं बंद, भावाच्या पोरीच्या लग्नाला गेले नाहीत. पाळकीय समितीवर त्यांना यायचं होतं. मी घरी जाऊन बसलो आणि वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगणारा डोंगरावरच्या प्रवचनाचा भाग त्यांच्यासमोर वाचला. ते म्हणाले, ‘साहेब, ते आत्मिक भावाविषयी आहे.’ मी म्हटलं, ‘तुमचा भाऊ आत्मिकही आहे आणि सख्खाही. दोन्हीकडून सापडलात.’ ते हसले नाहीत. दोन महिन्यांनी नगरमधल्या दुसऱ्या एका मंडळीत गेले आणि ऐकतो की तिथे मोठे पुढारी झाले आहेत. पंखे चांगले आहेत. मे महिन्यातल्या उपासनेत त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

या दोघांना शेजारी उभं करून ‘हा खरा, तो खोटा’ असं म्हणण्याचा मोह होतो. मी ते म्हणत नाही. गहू आणि निदण यांचा दाखला येशूने पाळकांसाठीच सांगितला असावा: उपटायला जाल तर गहूही उपटाल. दादांच्या आत काय चाललं आहे ते मला माहीत नाही. समितीवर त्यांना घेऊ नये एवढं मात्र माहीत होतं, आणि तेवढ्यापुरता निर्णय घेणं माझं काम होतं. कुणी तारणात आहे की नाही हे ठरवणं वेगळं, आणि मंडळीची किल्ली कुणाच्या हाती द्यायची हे ठरवणं वेगळं.

प्रीतीबद्दल बोलायचं तर आमच्या मंडळ्यांचं जुनं दुखणं उघडावं लागतं. मिशनच्या काळापासून महार समाजातून आलेले आणि मांग समाजातून आलेले, अशा दोन वस्त्या काही गावांत मंडळीच्या आतही राहिल्या. प्रभुभोजनाचा प्याला एक, सोयरीक वेगळी. बाहेरच्या जातीयतेवर आम्ही तावातावाने बोलतो, आणि स्वतःच्या पोरीसाठी स्थळ बघताना ‘आपल्यातलं’ शोधतो. अशाच एका गावात पलीकडच्या आळीत एका बाईचा मुलगा गेला. रात्रीची वेळ, पाऊस. आमच्या आळीतली एक म्हातारी निघाली आणि तिथे जाऊन रात्रभर बसली, पहाटे मयताच्या अंघोळीला पाणी तापवलं. सकाळी मी पोचलो तेव्हा ती चुलीपाशी होती. आमच्या आळीतल्या दोघींनी नंतर तिच्याशी बोलणं टाकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर मला दिसलं नाही.

ही म्हातारी माझ्या कुठल्याही परीक्षेत पास झाली नसती. विश्वासांगीकार म्हणताना ती पंतय पिलातापर्यंत यायची आणि मग थेट पवित्र आत्म्यावर उडी मारायची. दहा आज्ञांपैकी तिला सहा-सात यायच्या, त्याही क्रमाने नाही. गावच्या पिराच्या उरुसाला नारळ घेऊन जायची, त्यावरून आधीच्या पाळकांनी तिला सभेत झापलं होतं. मीही समजावलं. ती ‘बरं, लेकरा’ म्हणायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायची. शास्त्राप्रमाणे ते बरोबर नाही, हे माझं मत अजूनही कायम आहे. पण भावावर प्रीती करतो तोच प्रकाशात आहे, हे योहानाचं म्हणणं मी तिच्यासमोर बसून वाचलं तर शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, असा प्रश्न पडतो. तिचा विश्वास अर्धवट होता. आमच्या त्या दोघींचा विश्वासांगीकार तोंडपाठ होता.

आता कागदांची गोष्ट. ती टाळता येत नाही. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता; पुढे १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध आत आले. ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून दलित घरातला मुलगा उघड ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते. एक कॉलेजातला मुलगा माझ्याकडे यायचा. त्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. उपासनेला नियमित, बायबल माझ्यापेक्षा बारकाईने वाचणारा. बाप्तिस्मा हवा होता, आणि वहीत नाव येईल याची भीती होती. समितीतल्या एकाने ठणकावलं, ‘लोकांसमोर नाकारतो तो कसला विश्वासू?’ वचनाचा आधार त्याने बरोबर दिला होता. पण हे बोलणारा गृहस्थ मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेला, आणि मी स्वतः मंडळीच्या पगारावर. आमच्या विश्वासाने आम्हाला पगार दिला; त्या पोराच्या विश्वासाने त्याची शिष्यवृत्ती गेली असती. एका तराजूत दोन्ही घालायचे? मी त्याला खोटं लिहायला सांगितलं नाही. घाईही केली नाही. शेवटी त्याने काय ठरवलं ते मी सांगणार नाही, ते त्याचं आहे. ठरवेपर्यंत तो रात्र रात्र जागला होता एवढं मला माहीत आहे. मला माझ्या विश्वासासाठी असं कधी जागावं लागलं नाही.

वाढ ओळखायला वेळ लागतो, आणि पाळकाकडे नेमका तोच नसतो. काही वर्षं झाली की बदली. बी पेरणारा एक, उगवलेलं बघणारा दुसरा. एका गावात मात्र मला पुन्हा जायला मिळालं, बऱ्याच वर्षांनी. पहिल्या वेळी तिथे एक तरुण होता, तापट, नव्याने विश्वासात आलेला, प्रत्येक सभेत साक्ष द्यायला पुढे. मंडळीला असा माणूस मिळाला की आम्ही पाळक त्याला लगेच मोटारसायकलवर घालून गावोगाव फिरवतो. तेव्हा एक केशर आंब्याची बाग असलेले आजोबा मला म्हणाले होते, ‘साहेब, कलमाला पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर आम्ही खुडून टाकतो. खोड भरू द्यावं लागतं.’ त्या वेळी ते मला त्या पोराच्या उत्साहावर पाणी ओतणारं वाटलं, तरी मी त्याचे दौरे कमी केले.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा तो चाळिशीच्या पुढे होता. साक्ष क्वचित देत होता. मी घरी जेवायला गेलो, तो हात धुवायला मोरीत गेलेला असताना त्याच्या बायकोला विचारलं, ‘काय, कसं चाललंय?’ ती भाकरी उलटत म्हणाली, ‘आता ताट फेकीत नाहीत. आवाज चढतो अजून. पण ताट फेकलेलं आता आठवत नाही बघा.’

पवित्रीकरणावर सेमिनरीत मी जाडजूड पुस्तकं वाचली. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातली पायऱ्यांची यादीही पाठ आहे, विश्वासात सात्त्विकता, तीत ज्ञान, ज्ञानात इंद्रियदमन आणि पुढे थेट प्रीतीपर्यंत. त्या यादीतल्या इंद्रियदमनाचा एवढा नेमका पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही. तेव्हापासून मी कुणाच्या विश्वासाविषयी काही जाणून घ्यायचं असेल तर घरातल्या बाईला विचारतो, आणि बाईविषयी असेल तर तिच्या सुनेला. सुना सहसा खोटं बोलत नाहीत.

जूनच्या दाखल्यांचं मी आता असं करतो. छापील मजकूर वापरत नाही, हाताने लिहितो. मुलीला किती वर्षांपासून ओळखतो, ती रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवते का, आजारी आजीला दवाखान्यात कोण नेतं, असं जे पाहिलं तेच लिहितो. विश्वासाविषयीची ओळ गाळतो. एकदा एका कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला: फादर, तुमचं लेटर फॉरमॅटमध्ये नाही. मी म्हटलं, मी फादर नाही, पाळक आहे, आणि मजकूर खरा आहे. प्रवेश मिळाला, कारण मार्क चांगले होते.

दृढीकरणाच्या वर्गातही एक बदल केला. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार हे सगळं आहेच. त्यात मी एक काम वाढवलं: ज्याच्याशी अबोला आहे अशा एका माणसाशी वर्ग संपेपर्यंत जाऊन बोलायचं. काय बोलला ते मला सांगायची गरज नाही, गेलात एवढं पुरे. समितीच्या सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. ‘साहेब, असं केलंत तर नाताळपर्यंत एकाचंही दृढीकरण व्हायचं नाही.’ तसं झालं नाही. पोरं मोठ्यांपेक्षा सोपी असतात. बहुतेकांचा अबोला क्रिकेटवरून किंवा मोबाइलवरून होता, आठवड्यात मिटला. एकाचं अडलं. त्याच्या चुलत्याशी घराण्याचं वाटणीवरून फाटलेलं, चुलता सुरतेला असतो, फोन घेत नाही. मी पोराला म्हटलं, ‘तू तीनदा लावलास, तुझं काम झालं. नाव घालतो यादीत.’

‘नको साहेब,’ तो म्हणाला. ‘काका दिवाळीला गावी येतोय. आधी त्याच्याकडं जातो. माझं पुढच्या खेपेला घाला.’

बिशपना यादी पाठवली, त्यात त्याचं नाव नाही. त्याची आई माझ्यावर रागावली आहे. नवे कपडे शिवून झाले होते.